ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर बिऱ्हाड

बासेल शहरातली दहा नंबरची पिवळी ट्राम स्वित्झर्लंडमधून निघते, वाटेत लेमेन नावाच्या एका थांब्यापुरती फ्रान्समध्ये शिरते आणि पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये येऊन संपते. ती संपते ते गाव रोडर्सडॉर्फ. सोलोथर्न कँटनमधलं (कँटन म्हणजे इथलं राज्य), तेराशे-चौदाशे वस्तीचं, बहुतेक बाजूंनी फ्रान्सची शेतं असलेलं. आम्ही इथे राहायला लागून वर्ष झालं. बासेलमध्ये नोकरी लागली, शहरातली भाडी परवडत नाहीत, गावाकडे जावं तर कागदपत्रांची भीती वाटते, अशी विचारणा ओळखीतून बऱ्याच जणांकडून होते. म्हणून घडलं तसं सगळं लिहिते आहे. प्रत्येक कँटनचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा तारखा आणि रकमा आपापल्या ठिकाणी ताडून घ्याव्यात.

मार्च २०२४ मध्ये मी एकटी बासेलला आले. नवरा आणि चार वर्षांची व्हायची असलेली लेक पुण्यात. युरोपीय संघाबाहेरच्या लोकांसाठी इथे वर्षाला ठरावीकच कामाचे परवाने निघतात: देशभरात मिळून साडेआठ हजार, त्यातले साडेचार हजार बी प्रकारचे, म्हणजे जास्त काळ राहण्यासाठीचे. माझा परवाना कंपनीने मिळवला, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. आल्यावर चौदा दिवसांच्या आत नोंदणी करायची, तीही त्यांच्याच माणसाने सोबत येऊन करून दिली. कंपनीने दिलेल्या सामानासकटच्या खोलीत काही महिने काढले. खरी परीक्षा सुरू झाली ती घर शोधायला लागल्यावर.

इथे घर मिळवणं म्हणजे अर्ज करणं. घर बघायला रांगेने माणसं येतात, आवडलं तर प्रत्येकाने फाइल द्यायची: पगाराच्या पावत्या, परवान्याची प्रत, नोकरीचा करार आणि थकबाकीच्या नोंदवहीचा उतारा. हा शेवटचा कागद महत्त्वाचा. तुमच्यावर कुणी पैसे वसुलीची कारवाई केलेली नाही, हे तो सांगतो. राहत्या जागेच्या वसुली कार्यालयात खिडकीवर १७ फ्रँक भरले की हातात मिळतो. नव्याने आलेल्या माणसाचा उतारा कोराच असतो, पण तोही लागतो, आणि तीन महिन्यांपेक्षा जुना सहसा चालत नाही. घराच्या जाहिरातीत 'साडेतीन खोल्या' असं लिहिलेलं असतं, त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत. अर्धी खोली म्हणजे जेवणाच्या टेबलापुरता कोपरा.

शहरातले अर्ज एकामागून एक परत येत होते. कारण कुणी सांगत नाही, दोन ओळींचं सभ्य पत्र येतं. त्या दिवसांत फार एकटं वाटायचं. रात्री लेकीला फोनवर झोपवायचं आणि मग पुन्हा जाहिराती चाळत बसायचं, हाच क्रम. जूनच्या शेवटी रोडर्सडॉर्फमधल्या एका शेतकऱ्याच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्याची जाहिरात दिसली. साडेतीन खोल्या, पाणी-हीटिंगच्या खर्चासह १,६५० फ्रँक. शहरात या पैशांत इतकी जागा मला कुठेच दिसली नव्हती. ट्रामने बासेलच्या मध्यापर्यंत चाळीसेक मिनिटं लागतात, म्हणजे पुणेकराला काहीच नाही.

घर बघायला गेले तेव्हा चेरी उतरवण्याचे दिवस होते. हा सगळा श्वार्त्सबूबेनलांड नावाचा टापू चेरीसाठी ओळखला जातो. एप्रिलमध्ये उतारच्या उतार पांढरे होतात आणि जून-जुलैमध्ये शिड्या लागतात. घरमालक सत्तरीकडे झुकलेले, मालकीणबाई टोपल्यांतली फळं निवडत बसलेल्या. आठवडाभर पाऊस लागला होता. त्यांनी एक चेरी माझ्या हातावर ठेवली. देठाजवळ सालीला बारीक अर्धगोल चीर गेलेली, आतून रस सुटलेला. पाऊस पडला की पिकलेलं फळ पाणी पितं आणि फुटतं, असं त्या सांगत होत्या. मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. माझं माहेर तासगावकडचं, घरची द्राक्षबाग. काढणीच्या तोंडावर अवकाळी आला की मणी कसे तडकतात, आणि मग त्या घडांकडे बघत दादा, म्हणजे माझे वडील, बांधावर कसे बसून राहतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी ते सांगितलं. मग मालकांनी मला मागच्या बागेत नेलं आणि झाडांवर ताणलेल्या जाळ्या दाखवल्या. त्या नुसत्या पक्ष्यांसाठी नाहीत. आशियातून आलेली, पिकत्या फळात अंडी घालणारी एक चिमुकली माशी २०११ पासून स्वित्झर्लंडमध्ये दिसू लागली, तिच्यामुळे जाळीची वीण इतकी बारीक घ्यावी लागते. जाळीचा खर्च, मजुरांची टंचाई, दुकानदार देतो तो भाव. अर्धा तास आम्ही घराबद्दल एक शब्द बोललो नाही. चार दिवसांनी होकार आला. फाइल सगळ्यांचीच नीट असते. गावात घरमालक समोरासमोर भेटतो आणि भेटीतून माणूस जोखतो, म्हणून माझा सल्ला आहे की छोट्या गावातल्या जाहिरातीला नुसता ईमेल पाठवून थांबू नका, फोन करा आणि जाऊन या.

अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घेता येते आणि ती मालकाच्या खिशात जात नाही. भाडेकरूच्या नावाच्या बंद खात्यात बँकेत राहते, दोघांच्या सहीशिवाय निघत नाही. एकदम इतके पैसे नसतील तर अनामतीऐवजी विमा घेण्याचाही पर्याय असतो, पण त्याचा वार्षिक हप्ता परत मिळत नाही. मी पैसे साठवून खात्यात भरले.

आता कँटन बदलण्याचा प्रश्न. बासेल शहर हे एक कँटन, रोडर्सडॉर्फ दुसऱ्या कँटनमध्ये, आणि मधला पट्टा बासेल-लांडशाफ्ट या तिसऱ्याचा. लाइमेन खोऱ्यातली ही पाच-सहा गावं सोलोथर्नच्या मुख्य भूभागापासून तुटलेली आहेत. १४८१ साली स्विस संघात सामील झालेल्या सोलोथर्नने जुन्या काळी जे मुलूख जोडले, ते आजही तसेच राहिले आहेत. नकाशावर गंमत वाटते, पण बी परवानाधारकाला दुसऱ्या कँटनमध्ये राहायला जायचं तर त्या कँटनची परवानगी आधी मागावी लागते. नोकरी चालू असेल आणि काही गैर केलेलं नसेल तर ती मिळण्याचा हक्क असतो, पण अर्ज आधी करायचा, सामान नंतर हलवायचं. मी ऑगस्टमध्ये भाडेकरार, नोकरीचा करार, परवाना आणि पासपोर्टच्या प्रती दिल्या. उत्तर यायला सहा-सात आठवडे लागले. तोपर्यंत करारावर सही करून बसलेली आणि हातात परवानगी नाही, हे आठवडे कठीण गेले. घर घेताना राहायला जाण्याची तारीख निदान दोन महिने पुढची मागून घ्या.

१ ऑक्टोबरला किल्ल्या मिळाल्या. त्या दिवशी मालकांसोबत खोली-खोली फिरून ताबा-यादी करतात. फरशीवरचा ओरखडा, नळाखालचा डाग, खिडकीची सैल कडी, सगळं त्यात लिहून घ्यावं आणि फोटो काढावेत. जाताना हीच यादी पुढ्यात येते. नंतर लक्षात आलेल्या गोष्टी कळवायला साधारण दहा दिवस देतात. मालकांनी स्वतःच दोन गोष्टी मला दाखवून लिहायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी गेमाइंडे, म्हणजे इथली ग्रामपंचायत. बासेलमधून निघाल्याची नोंद आधी केली होती, इथे आल्याची चौदा दिवसांत करायची. कार्यालय आठवड्यातले मोजके तासच उघडं असतं, त्यामुळे वेळ बघून अर्धी रजा टाकली. खिडकीवर एक बाई होत्या. पासपोर्ट, परवाना, भाडेकरार, आरोग्यविम्याचं पत्र, लग्नाचा दाखला, एवढं घेऊन गेले होते. पंधरा मिनिटांत नोंद झाली. त्यातल्या दोन प्रश्नांना उत्तर देताना सावध राहा.

पहिला, धर्म कोणता. हा प्रश्न कुतूहलाचा नाही, कराचा आहे. सोलोथर्नमध्ये रोमन कॅथलिक, ख्रिस्ती-कॅथलिक आणि रिफॉर्म्ड या तीन चर्चना मान्यता आहे आणि त्यांच्या सदस्यांकडून चर्चकर घेतला जातो. 'इतर' असं नीट लिहून घेतलं की तो लागत नाही. आमच्यासारख्यांचा कर पगारातूनच कापला जातो, म्हणून पहिल्या पगारपत्रकावर तुमचं वर्गवारीचं अक्षर तपासा. लग्न झालेलं आणि घरात एकाचीच मिळकत असेल तर 'बी', मग मुलांची संख्या, आणि शेवटी चर्चकर नसेल तर 'एन'.

दुसरा, नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र छापली असतील तर इथे ती दोन्ही तुमची नावं होतात. माझ्या लेकीच्या नावापुढे तिच्या बाबाचं नाव कायमचं जोडलेलं आहे, बालवाडीच्या यादीपासून विमा कार्डापर्यंत. हरकत काही नाही, पण सगळीकडे एकसारखं राहील याची काळजी घ्या. एका ठिकाणी दोन पदं आणि दुसऱ्या ठिकाणी तीन झाली की प्रत्येक पुढचा कागद अडतो. आणि पत्रपेटीवर घरातल्या सगळ्यांची आडनावं लावा. इथे फ्लॅटना नंबर नसतात, टपाल नावावर येतं. मी माहेरचं आडनाव लावते, नवऱ्याचं वेगळं. पेटीवर त्याचं नाव नव्हतं तेव्हा त्याच्या नावाचं पत्र परत गेलं होतं.

नोंदणी झाल्यावर बाईंनी एक पिशवी दिली. कचऱ्याचं वर्षाचं वेळापत्रक, गावातल्या मंडळांची यादी, पाण्याचं पत्रक. कचऱ्याचे पैसे इथे पिशवीमागे द्यावे लागतात, म्हणून कागद, काच, डबे, ओला कचरा वेगळा काढायची सवय आपोआप लागते. रविवारी काच टाकायची नाही, गवत कापायचं नाही, ड्रिल लावायचं नाही. नंतर टपालाने रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं बिल येतं, घरामागे वर्षाला ३३५ फ्रँक. टीव्ही नसला तरी भरावं लागतं.

मग मी कुटुंबाच्या मागे लागले. बी परवाना असला की नवरा-बायको आणि १८ वर्षांखालच्या मुलांना बोलावता येतं. पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. मूल बाराच्या पुढचं असेल तर ही मुदत एकच वर्षाची, हे मोठ्या मुलांच्या आईबापांनी विसरू नये. पुरेसं घर लागतं, पुरेसा पगार लागतो, आणि जोडीदाराला स्थानिक भाषा थोडी यावी लागते किंवा निदान वर्गात नाव घातल्याचा पुरावा. नवऱ्याने पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात आधीच जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा दिली होती. हे काम कुणीही भारतात असतानाच उरकावं.

कागद दोनच मुख्य: विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला. महाराष्ट्रातले हे दाखले मराठी-इंग्रजी दोन्हीत असतात, ही फार मोठी सोय. पण जन्मदाखल्यावर बाळाचं नाव आहे का, ते बघा. जन्म झाल्या झाल्या काढलेल्या दाखल्यात ती जागा बरेचदा कोरी राहते. आमचीही कोरी होती. महापालिकेत जाऊन नाव घालून नवा दाखला काढण्यात नवऱ्याचे तीन आठवडे गेले. त्यानंतर दोन्ही कागदांवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनची मोहोर. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, पण सगळं एजंटमार्फत करून घेतलं तेव्हा दोन कागदांचे मिळून साडेसात हजार गेले. माझ्या सासऱ्यांनी एजंटच्या कार्यालयात रोज फोन करून त्याच्याकडून काम काढून घेतलं, त्यांचे उपकार.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत डी व्हिसाचा, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाचा अर्ज गेला. अर्ज भारतात दिला तरी निर्णय कँटन घेतं, कागद तिकडून इकडे येतात. इथून माझ्याकडे भाडेकरार, पगारपत्रकं आणि घरात किती माणसं राहणार याची विचारणा झाली. नंतर शांतता. दिवाळी आधीच फोनवर झाली होती. डिसेंबरमध्ये धुकं खोऱ्यात उतरलं की दुपारी चारला दिवा लावावा लागायचा. मालकीणबाई कधी सूप, कधी सफरचंदाचा केक घेऊन वर यायच्या, विचारायच्या, "पत्र आलं?" मी मान हलवायची. १४ जानेवारीला, नेमक्या संक्रांतीला, मंजुरीचं पत्र आलं. मी पत्र हातात घेऊन जिन्यातच रडले. त्यांनी काही न विचारता चहा टाकला.

लेक आणि नवरा ३१ जानेवारी २०२५ ला पोहोचले. पाचव्याच दिवशी दुपारी दीडला अख्ख्या गावात भोंगे वाजले. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी देशभरात धोक्याच्या भोंग्यांची चाचणी असते. मी कामावर होते आणि हे दोघं घरी घाबरून माझ्या फोनची वाट बघत होते. तुमची माणसं त्या सुमारास येणार असतील तर आधी सांगून ठेवा.

पुन्हा गेमाइंडेत नोंदणी, आणि मग बोटांचे ठसे नि फोटो द्यायला सोलोथर्न शहरात. आपल्याच कँटनची राजधानी, पण वाट बासेल आणि ओल्टेनवरून, जुरा डोंगररांगेच्या पलीकडे. जायला जवळपास दोन तास, यायला तितकेच. मोठ्या माणसाच्या परवान्याला सगळं मिळून दीडशे फ्रँकच्या आसपास खर्च आला, मुलीला बराच कमी. ठसे पाच वर्षं जपून ठेवतात, म्हणून दरवर्षी नूतनीकरणाला पुन्हा जावं लागत नाही. कार्डं टपालाने मार्चमध्ये आली. जोडीदाराला या परवान्यावर नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही.

आरोग्यविमा तीन महिन्यांत घ्यायचा असतो, पण तो लागू होतो आल्याच्या दिवसापासून, हप्तेही तेव्हापासूनचे. म्हणजे उशीर करून काही वाचत नाही. प्रत्येक माणसाचा वेगळा. मोठ्यांना उपचारांच्या खर्चातले वर्षाला पहिले ३०० ते २,५०० फ्रँक स्वतः भरायचे, आकडा आपण निवडायचा. जितका मोठा तितका हप्ता कमी. त्यावरच्या खर्चातही दहा टक्के आपले, वर्षाला ७०० फ्रँकपर्यंत. लहान मुलांना तो सुरुवातीचा वाटा शून्य ठेवता येतो, आम्ही तसाच ठेवला. आठवड्याला आठ तास किंवा जास्त नोकरी करणाऱ्याचा अपघात विमा कंपनीकडून असतो, म्हणून मी माझ्या विम्यातून अपघात वगळला. नवऱ्याची नोकरी नव्हती, त्याच्या विम्यात तो ठेवावाच लागला. विमा विकणारे बरेच फोन येतात, त्यांना फोनवर कशालाही होकार देऊ नका. हो, आणि मूल आलं की नोकरीच्या कंपनीकडे मुलांच्या भत्त्याचा अर्ज करा. २०२५ पासून किमान रक्कम महिन्याला २१५ फ्रँक आहे आणि ती न मागता मिळत नाही.

सीमेवर राहण्याचेही काही धडे आहेत. १९१० मध्ये ही रेल्वे रोडर्सडॉर्फपर्यंत वाढवली तेव्हा आल्सास, म्हणजे सीमेपलीकडचा हा प्रांत, जर्मनीत होतं, म्हणजे तेव्हा गाडी जर्मन साम्राज्यातून जायची. आता फ्रान्समधून जाते. तपासणीसाठी गाडी थांबत नाही, कुणी शिक्का मारत नाही, पण परदेशी माणसाने पासपोर्ट आणि परवाना जवळ ठेवायचा. कधीमधी सीमाशुल्काची माणसं डब्यात चढून पिशव्या बघतात. बासेलमधून किराणा आणला असेल तर पावती पिशवीत राहू द्या. फ्रान्समध्ये सगळं स्वस्त, म्हणून गावातली बरीच माणसं पलीकडे खरेदी करतात. १ जानेवारी २०२५ पासून माणशी दिवसाला १५० फ्रँकपर्यंतच्याच मालावर कर माफ आहे, आधी ३०० होते. मांस माणशी एक किलो. त्यापुढे जकात, आणि ती जबर असते. लेमेनजवळ फोन फ्रेंच नेटवर्क पकडतो, घराच्या मागच्या खोलीतही कधी कधी. तुमच्या योजनेत फ्रान्सचं रोमिंग नसेल तर ते बंद करून ठेवा, नाहीतर महिन्याअखेर बिल बघून झोप उडेल. आणि बासेलमध्ये ट्राममध्ये चढण्याआधी पाटीवर रोडर्सडॉर्फ लिहिलंय ना, ते वाचा. सगळ्या गाड्या शेवटपर्यंत येत नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावर लेकीची बालवाडी सुरू झाली. ३१ जुलैपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना ती सक्तीची आहे, दोन वर्षांची आणि फुकट. नोंदणीचं पत्र गेमाइंडेकडूनच आलं. तिथे जर्मन न येणाऱ्या मुलांना वेगळा भाषेचा तास देतात. माझ्या मनावर सगळ्यात मोठं दडपण कागदांचं नव्हतं, या वाटेचं होतं. इथे चार वर्षांची मुलं बालवाडीला चालत जातात, काही दिवसांनी आईबापांशिवाय. गळ्यात चमकणारा केशरी-पिवळा त्रिकोणी पट्टा, पाठीवर छोटी पिशवी. गाडीने सोडायला येऊ नका, असं शाळा स्पष्ट सांगते. पहिले दिवस नवरा तिच्यासोबत गेला, मग अर्ध्या वाटेपर्यंत, मग कोपऱ्यावरून बघत राहिला. वाटेत ट्रॅक्टर येतो तेव्हा कुठे उभं राहायचं, हे तिला शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीने शिकवलं. नऊ वाजता मुलं बरोबर आणलेलं खातात, गोड चालत नाही. आम्ही थालीपीठाचे तुकडे देतो. बाईंनी एकदा विचारलं कशाचं आहे, तर लेकीने स्विस जर्मनमध्ये उत्तर दिलं, जे मला नीट कळलंही नाही.

शेताच्या गावात राहायचं तर काही गोष्टी स्वीकाराव्या लागतात. वसंतात शेणखताचं पाणी फवारतात, तेव्हा कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. गायींच्या घंटा रात्रीही वाजतात. धुण्याची खोली सामाईक, ठरलेला वार पाळायचा. पण रस्त्याकडेच्या फळकुटावर अंडी, बटाटे, मध ठेवलेला असतो आणि शेजारी पैशांचा डबा, राखण कुणी नाही. आमच्या मालकांचं शेत इथल्या मानाने लहान आहे. देशातली सरासरी शेती बावीसेक हेक्टरची. दादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात एकर मोजले आणि विचारलं, "मग एवढ्यात मुलगा का नाही राहिला शेतीत?" त्याचं उत्तर मालकांनी मला जे दिलं तेच मी दादांना दिलं. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस गोठा, आणि शहरात पगार. दादा म्हणाले, म्हणजे आपल्यासारखंच.

जून महिन्यात ग्रामसभा झाली. मागच्या वर्षाचा हिशेब लोकांसमोर ठेवतात, हात वर करून मतं घेतात. परदेशी माणसाला मत नाही, पण पाहुण्यांच्या बाकावर बसता येतं, मी बसले. तिथे गेल्यापासून रस्त्यात नावाने हाक मारणारी माणसं वाढली. शेजारच्या मारियाश्टाइनच्या मठातही एकदा जाऊन या. पायऱ्या उतरून खडकातल्या गुहेत मेरी मातेचं देऊळ आहे, भिंतींवर आभाराच्या पाट्याच पाट्या. स्वित्झर्लंडमधली तमिळ कुटुंबं मोठ्या संख्येने तिथे येतात, हिंदूही. उदबत्तीशिवायचं देवस्थान, पण सासूबाईंना बघायला आवडेल असं.

आता पुढचं काम त्यांचंच. सासू-सासऱ्यांना उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर आणायचं आहे. दूतावासाने मागितलं तर त्यांच्या खर्चाची हमी मला लिहून द्यावी लागेल, ३०,००० फ्रँकपर्यंतची, आणि सोबत प्रवास विमा. त्याआधी आमच्या परवान्यांचं नूतनीकरण आहे. संपण्याच्या तीन महिने आधीपासून अर्ज देता येतो, आणि संपण्याच्या निदान दोन आठवडे आधी तो द्यायचाच. नवऱ्याच्या वाहन परवान्याला आता तीनच महिने उरलेत. भारतीय परवाना बारा महिन्यांत बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी परीक्षकासोबत एकदा गाडी चालवून दाखवायची, आणि त्यात नापास झालं तर दुसरी संधी नाही, शिकाऊ परवान्यापासून सुरुवात. म्हणून तो आठवड्यातून एकदा प्रशिक्षकासोबत सराव करतो आहे. तासाचे पैसे बरेच पडतात, पण उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम गल्लीबोळांत कसा पाळायचा, ते पुस्तक वाचून येत नाही.